डॉल्बी, ढोल आणि शिकागोची एक कॅसेट

गेल्या गणपतीनंतर आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. कारण डॉल्बी. साताऱ्यात आमच्या पेठेतल्या मंडळाने विसर्जनाला स्पीकरची भिंत आणली. काचा थरथरल्या, मांडणीवरची भांडी वाजली. आईचं वय ८१, छातीत पेसमेकर. तिला मागच्या खोलीत कानात कापूस घालून बसवावं लागलं. दादाने रात्री साडेअकराला लिहिलं, ‘हे बंदच झालं पाहिजे. आपले ढोल-ताशे काय वाईट आहेत?’ त्यावर भाच्याचं उत्तर आलं, ‘बाबा, ढोल काय कुजबुजतो का?’

भाचा एकवीस वर्षांचा आहे. दिवसा इंजिनिअरिंग, रात्री लॅपटॉपवर मिक्स करणं. जयंती, वराती, गणपती, सगळीकडे त्याचे ट्रॅक पेनड्राइव्हवरून फिरतात आणि प्रत्येकात मध्येच त्याच्या नावाची आरोळी येते. मी शिकागोहून दोघांनाही समजेल असं काहीतरी मोघम लिहिलं. दोघांनीही मलाच झापलं. ‘आत्या, तिकडे बसून बोलायला काय जातं?’

बरोबर आहे, काही जात नाही. तरी बोलते. कारण तेवीस वर्षं मी ज्या शहरात राहते तिथे हेच भांडण होऊन गेलंय, आणि त्याचा शेवट मी दर जुलैत बागेत बघते.

जॅक्सन पार्कमध्ये ‘चोझन फ्यू’ नावाच्या डीजेंच्या जुन्या मंडळीची सहल भरते. १९९० च्या सुमारास एका कुटुंबाच्या स्नेहभेटीतून सुरू झालेला प्रकार, आता हजारो माणसं येतात. पहिल्यांदा मला ऑफिसातली एक बाई घेऊन गेली. तीन नातवंडांची आजी, गुडघे बदललेले. घडीच्या खुर्च्या, कोळशाच्या शेगड्या, तंबू, भाजणाऱ्या मांसाचा धूर, पळणारी पोरं. मला वाटलं, आपली जत्रा. मग एक पियानो सुरू झाला. नुसता पियानो, भराभर, चर्चमध्ये वाजवावा तसा. आजूबाजूच्या साठीतल्या बायाबापड्या हातातली ताटं खाली ठेवून उठल्या. पाठोपाठ थाप आली, प्रत्येक मात्रेवर एक, सम शोधायची गरजच नाही. आमची आजी नव्या गुडघ्यांनिशी गवतावर नाचत होती आणि शब्दन् शब्द पाठ असल्यासारखी गात होती.

ते गाणं म्हणजे मार्शल जेफरसनचं १९८६ चं ‘मूव्ह युअर बॉडी’. त्याच्याखाली ‘हाउस म्युझिक अँथम’ असंही लिहिलेलं असतं, म्हणजे या संगीताचं जणू ध्वजगीतच. हाउस म्हणजे शिकागोच्या क्लबांत डिस्कोतून निघालेलं, यंत्राच्या एकसारख्या ठेक्यावरचं नाचाचं संगीत. घरी आल्यावर मी त्याच्याबद्दल वाचलं आणि भाचाच आठवला. जेफरसन पोस्टात रात्रपाळी करायचा. गाण्यातले आवाज त्याच्या पोस्टातल्याच दोस्तांचे. त्याला पियानो म्हणावा तसा येत नव्हता. म्हणून त्याने ठेका पार संथ करून सूर भरले आणि मग वेग वाढवला. आज लोक ज्या बोटांच्या चपळाईवर जीव टाकतात ती बोटं मुळात रांगत होती. ‘यांना वाद्य तरी वाजवता येतं का, नुसतं बटन दाबायचं’ हा आपल्याकडचा लाडका टोमणा आहे. ऐकला की मला ती रांगणारी बोटं आठवतात.

गाणं झाल्यावर त्याने कॅसेट नेली ‘म्युझिक बॉक्स’ या क्लबमध्ये, रॉन हार्डी या डीजेकडे. हार्डीने ती लागोपाठ सहा वेळा वाजवली, असं जेफरसन सांगतो. रेडिओ नाही, जाहिरात नाही, तबकडी तर अजून बाजारात यायची होती. कॅसेटवरून कॅसेट निघत गेली आणि शिकागोचे क्लब वेडे झाले. ‘ट्रॅक्स’ कंपनीची तबकडी नंतर आली. क्लबमधलं यश असंच मोजलं जातं. किती खपली हा प्रश्न नंतरचा. आधी सुरुवातीचे दोन सूर वाजताच कोपऱ्यात दमून टेकलेला माणूस पुन्हा उठतो की नाही, हे बघायचं. साताऱ्यातही मंडळाचा पोरगा ‘परत लाव, परत लाव’ म्हणून ओरडतो तेव्हा भाच्याला आपला निकाल कळतो.

पैशाचं मात्र विचारू नका. जेफरसनसह जुन्या कलाकारांच्या एका गटाने २०२२ मध्ये त्याच ‘ट्रॅक्स’वर मानधन बुडवल्याचा दावा लावला. ध्वजगीताला छत्तीस वर्षं झाल्यावर!

पण मला घरच्यांना सांगायचं होतं ते या गाण्याच्या आधीचं. १९७९ च्या १२ जुलैला शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर एका रेडिओ निवेदकाने डिस्कोच्या तबकड्या जाळायचा कार्यक्रम ठेवला. तबकडी आणा, ९८ सेंटात तिकीट घ्या. सुमारे पन्नास हजार लोक जमले. दोन सामन्यांच्या मध्ये मैदानात तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला, प्रेक्षक मैदानात घुसले, दंगा झाला, दुसरा सामना सोडून द्यावा लागला. कारण काय सांगितलं जात होतं? डिस्को उथळ आहे, यंत्राचं संगीत आहे, खरं संगीत म्हणजे रॉक. त्या दिवशी मैदानात जागा दाखवायचं काम करणारा एक काळा मुलगा होता, व्हिन्स लॉरेन्स. त्याने नंतर सांगितलंय की लोक फक्त डिस्को आणत नव्हते, कुठल्याही काळ्या गायकाची तबकडी आणत होते. राग ठेक्यावर नव्हता, ठेक्यावर नाचणाऱ्यांवर होता. पाच वर्षांनी याच लॉरेन्सने जेसी सॉन्डर्सबरोबर ‘ऑन अँड ऑन’ काढलं. तबकडीवर आलेलं पहिलं हाउस म्हणून बरेच जण त्याचंच नाव घेतात.

‘हाउस’ हे नावही एका खोलीवरून पडलं. ‘वेअरहाउस’ हा क्लब, जेफरसन स्ट्रीटवर २०६ नंबरच्या इमारतीत. तिथे १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा डीजे वाजवायचा आणि नाचायला यायचे मुख्यतः काळे आणि लॅटिनो समलिंगी तरुण, ज्यांना बाकी शहरात धड उभंही राहू देत नसत. नकल्स हाउसला डिस्कोचा सूड म्हणायचा. सूड उगवायला शहराबाहेर जावं लागलं, कारण पिकतं तिथे विकत नाही. शिकागोच्याच स्टीव्ह ‘सिल्क’ हर्लीचं ‘जॅक युअर बॉडी’ १९८७ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि इकडे अमेरिकेत देशभरात त्याचा फारसा बोलबाला नव्हता. उलट त्याच सुमाराला शिकागो महापालिकेने दारू न विकणाऱ्या, पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाचघरांच्या वेळांवर कायद्याने टाच आणली. तीच पालिका २००४ मध्ये त्या रस्त्याच्या तुकड्याला नकल्सचं नाव देते आणि २०२३ मध्ये ती इमारत वारसा म्हणून जपायचं ठरवते. तोवर नकल्स जाऊन नऊ वर्षं झाली होती. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण माझ्या आजीची, शिकागोची नव्हे.

एवढं सगळं मी ग्रुपवर टाकलं असतं तर दादा म्हणाला असता, ‘म्हणजे आईने कापूस घालून बसायचं आणि तीस वर्षांनी डॉल्बीला पद्मश्री द्यायची?’

तर नाही. इथेच माझी शिकागोची उपमा लंगडी पडते, आणि ते मी आधीच कबूल करते. हाउस बंद खोलीत वाढलं. ज्याला ऐकायचं तो जिना चढून गेला. आमच्या पेठेत गाणं जिना चढून तुमच्याकडे येतं. आईने तिकीट काढलं नव्हतं. आपल्याकडे २००० सालापासून नियम आहे, राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी दर वर्षी लक्ष्मी रस्त्यावर मिरवणुकीचा आवाज मोजतात, आणि काही वर्षी सरासरीच शंभरच्या पुढे गेलीय. डेसिबलचा हिशोब साधा नसतो. दहा वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते. म्हणजे ५५ आणि १०५ मधला फरक दुपटीचा नाही, एकावर पाच शून्यांचा आहे. यात कसली संस्कृती आणि कसला विद्रोह? दादाचं म्हणणं इथपर्यंत शंभर टक्के खरं.

मात्र लक्ष्मी रस्ता हा मानाच्या गणपतींचा, म्हणजे मुख्यतः ढोल-ताशा पथकांचा. मीटर हातात घेतलेल्या त्या विद्यार्थ्यांना ढोलाचा टोल आणि स्पीकरचा बेस वेगळा मोजता येत नाही. तो वेगळा मोजतो आपण, मनात. ‘पारंपरिक वाद्यं वाजवा, डीजे नको’ हे वाक्य आवाजाबद्दलचं वाटतं, पण त्यात आवाजाचा आकडा कुठेच नसतो. वीस ढोलांना चालतं, शंभर ढोलांनाही चालतं. आणि परंपरा म्हणाल तर हलगीइतकं जुनं काय आहे? ती ज्यांच्या गळ्यात जातीने अडकवली त्यांना आपण कधी पथक म्हटलं नाही. भाच्याच्या मिक्समध्ये हलगी असते, तेव्हा मात्र तो धांगडधिंगा. आमच्याच ग्रुपवर १४ एप्रिलच्या मिरवणुकीबद्दल जो सूर लागतो आणि अनंत चतुर्दशीबद्दल जो लागतो, त्यातला फरक ऐकायला मीटर लागत नाही. कोमिस्की पार्क मला तिथे आठवतं.

आमचं इकडचं पथकही यातून सुटत नाही. उपनगरातल्या एका गोदामामागच्या पार्किंगमध्ये आम्ही रविवारी सराव करायचो. एकोणीस ढोल, पाच ताशे, मी मागच्या ओळीत, टिपरू अजून वळत नाही. तिसऱ्या रविवारी पोलिस आला. मीटर वगैरे काही नाही, फक्त म्हणाला, पलीकडच्या घरांतून तक्रार आहे. आम्ही ढोल उतरवले. गाडीत बसल्यावर सगळे चिडलेले, ‘यांना आपलं कल्चर कळतच नाही.’ त्याच माणसांतल्या निम्म्यांनी त्याच आठवड्यात ‘साताऱ्यात डॉल्बी बंद, अभिनंदन’ असा फॉरवर्ड टाकला होता. मीही त्याला अंगठा दिला होता. पलीकडच्या घरात कोणाची आई कानात कापूस घालून बसली होती का, हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी भाच्याला आवडणार नाही. स्पीकरच्या भिंतीपुढे मुली कुठे असतात? आमच्या पेठेत त्या गॅलरीत असतात, मोबाइल घेऊन. ढोल पथकांनी निदान त्यांना रस्त्यावर आणलं, कमरेला ढोल बांधून पहिल्या ओळीत उभं केलं. ‘वेअरहाउस’ची खरी कमाई ठेका नव्हती. ज्याला बाहेर भीती वाटते त्याला आत वाटत नव्हती, ही होती. डॉल्बीपुढच्या गर्दीत ती खात्री कोणी कोणाला देतं? भाच्याने मला ‘आमचं पण हाउसच आहे’ असं लिहिलं तेव्हा मी हेच विचारलं. तो दोन दिवस गप्प होता.

मग त्याने उलट प्रश्न टाकला, आणि तो मला सुटला नाही. ‘आत्या, आम्ही नाचायचं कुठे?’ साताऱ्यात पोस्टातल्या रात्रपाळीच्या पगारात परवडेल अशी, भिंतींना आवाज अडवणारी, पोरापोरींना शिरता येईल अशी एक तरी खोली सांग. लग्नाचं कार्यालय दहाला बंद. उरला रस्ता, तोही वर्षातून चार वेळा, पोलिसांच्या परवानगीने. खोली नसली की काय होतं त्याचं एक उदाहरण मुंबईतच आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांसाठी वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीचे टीबी-३०३ (बेसचे सूर काढणारा) आणि टीआर-८०८ (ठेका देणारा) हे यंत्राचे डबे घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. त्याच ३०३ वर शिकागोच्या पोरांनी १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं, त्याला हात लावणारा पुन्हा आपला मार्शल जेफरसन. त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाची अख्खी शाखा फुटली. मुंबईची तबकडी पाच वर्षं आधीची, पण पडून राहिली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक तोंडात बोट घालून ऐकत बसले. वाद्य तेच होतं. लागोपाठ सहा वेळा वाजवणारा माणूस आणि ते ऐकायला जमलेली खोली, एवढंच मुंबईत नव्हतं.

दादाला मी शेवटी एवढंच लिहिलं, की मीटर लाव, पण ढोलालाही लाव, फटाक्यांनाही आणि आपल्या घरच्या वरातीलाही. तो म्हणाला, ‘वरातीचं बघू.’ भाच्याचं लग्न व्हायचंय अजून.

परवा भाच्याची एक ऑडिओ फाइल आली. जेफरसनच्या पियानोखाली त्याने हलगी घातलीय, आणि मध्ये त्याची ती आरोळी, त्यात आता माझंही नाव, ‘शिकागोवाली आत्या!’ ऑफिसातून येताना हायवेवर गाडीच्या काचा चढवून मोठ्याने लावली. खरं सांगते, अंगावर काटा आला. तीन वेळा ऐकली. आमच्या गल्लीचं वळण आलं तेव्हा हात आपोआप बटणाकडे गेला आणि मी आवाज कमी केला.