बाष्पीभवन शिकवायचंय? आधी कूलर, व्याख्या मागाहून

नागपुरातल्या पोरांना बाष्पीभवन शिकवायला फळ्यावर समुद्र, सूर्य आणि ढग काढायची काहीच गरज नाही. होळी झाली की घरोघरी कूलर निघतात, जाळ्यांत नवी खस (पाण्याने ओला राहणारा थर) लागते, आणि पाणी भरायचं काम बहुधा घरातल्या शाळकरी पोरांकडेच येतं. तरीही सहावी-सातवीच्या वर्गात विचारून बघा, कूलरची हवा थंड काहून लागते? बहुतेकांचं उत्तर एकच येईल, 'पाणी थंड असते म्हणून.' मोठी माणसंही हेच धरून चालतात आणि टाकीत बर्फ टाकतात.

हे चुकीचं उत्तर लगेच खोडू नका. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि थर्मामीटर काढा. 'द्रवाचे वायूत रूपांतर' ही व्याख्या सगळ्यात शेवटी आली तरी चालते. माझ्या मते ती शेवटीच यायला हवी.

प्रयोगशाळेतले लाल द्रवाचे दोन थर्मामीटर घ्या. पाऱ्याचे नकोत, वर्गात फुटले तर निस्तरता येत नाहीत. तापाचा थर्मामीटर तर अजिबात चालणार नाही, त्याचं मोजमाप ३५ अंशांपासून सुरू होतं आणि एकदा चढलेला आकडा आपोआप उतरत नाही. दोन्ही थर्मामीटर आधी पाच मिनिटं शेजारी ठेवून आकडे लिहून घ्या. शाळेतल्या थर्मामीटरमध्ये एखाद्या अंशाचा फरक निघणं नेहमीचंच, तो शेवटी वजा करायचा. मग एकाच्या फुग्याभोवती जुन्या, धुतलेल्या सुती कापडाचा एकच वेढा द्या. नवं कापड घेतलं तर त्यातली खळ पाणी शोषू देत नाही. तीन-चार वेढे दिले तर आकडा इतका हळू उतरतो की वर्गाचा धीर सुटतो.

खरी गोम पाण्यात आहे. माठातलं पाणी वापरलंत की प्रयोग वाया गेला, कारण पोरं म्हणतील, 'बघा, पाणीच थंड होतं.' बादलीत रात्रभर वर्गातच ठेवलेलं पाणी घ्या. त्याहून चांगलं म्हणजे मुद्दाम कोमट पाणी घ्या. त्यात ते कापड भिजवा. दोन्ही थर्मामीटर पंख्याखाली सावलीत टांगा आणि दर मिनिटाला वाचा, डोळा आकड्याच्या अगदी समोर आणि बोट फुग्यापासून लांब. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओला थर्मामीटर २३ च्या आसपास येऊन थांबतो, तोही कोमट पाण्यातून! कापड सुकायला लागलं की आकडा परत चढतो, तोही लिहून घ्या.

कोरड्या थर्मामीटरकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. पंखा चालू असूनही तो जागचा हलत नाही. पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम लवकर उडवतो, हे पोरांना इथेच कळतं. यावर दहा मिनिटं वाद होऊ द्या, धडा मागे पडला तरी चालेल.

आठवी-नववी असेल तर बर्फाचा हिशेबही करून घ्या. १ ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ८० कॅलरी उष्णता घेतो. खसेवरचं १ ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० कॅलरी घेतं, म्हणजे सातपटीहून जास्त. (पुस्तकातला ५४० हा आकडा १०० अंशांवर उकळणाऱ्या पाण्याचा आहे. कूलरमध्ये काही उकळत नाही.) बर्फाने थोडा वेळ बरं वाटतं, पण कूलरचं खरं काम खसच करते.

आता वेळ. सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला हा प्रयोग करू नका, हवा जरा तापू द्या, शेवटचा तास घ्या. महिना मार्च किंवा एप्रिल. धडा ऑगस्टमध्ये आला म्हणून ऑगस्टमध्येच केलात तर कोरडा ३० आणि ओला २७ दाखवेल, आणि मागच्या बाकावरून जांभया येतील. तसंही इथे ऋतूचं आणि शाळेचं फारसं जमत नाही. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य अगदी डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते तो, नागपूरला २६ मेच्या सुमारास येतो, दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास, ऐन नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) आणि ऐन सुट्टीत. जुलैच्या मध्यात तो पुन्हा येतो, तेव्हा आभाळ भरलेलं.

म्हणून बाष्पीभवनाचा प्रयोग दोनदा करा. उन्हाळ्यातले आकडे वहीत असू द्या आणि पावसाळ्यात तीच पोरं पुढच्या वर्गात गेली की पुन्हा मोजायला लावा. १७ अंशांचा फरक ३ वर आलेला दिसला की पावसाळ्यात कूलर नुसता चिपचिप का करतो, हे सांगावं लागत नाही. खिडक्या बंद करून कूलर लावला तर तासाभराने काय होईल, हा प्रश्न त्याच तासाला द्या. घटक चाचणीत 'बाष्पीभवन म्हणजे काय?' ऐवजी हाच विचारा आणि कारणाला दोन गुण ठेवा.

थर्मामीटर कमी आहेत ही सबब चालणार नाही. अख्ख्या वर्गाला दोन पुरतात. दर मिनिटाला वाचणारा बदला आणि आकडा फळ्यावर त्याच्याच हाताने लिहू द्या.