एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं

बारा वर्षांचे फोटो तीन फोनमध्ये, एका बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये आणि बायकोच्या टोमण्यांमध्ये विखुरलेले होते. म्हणून नॅस आणला. नॅस म्हणजे राउटरला वायरनं जोडलेला, घरातल्या सगळ्यांचा सामायिक माळा.

वायर खोचली, टक् झालं, हिरवा दिवा लुकलुकला, फोटो चढायला लागले. तिथंच थांबायला हवं होतं. पण राउटर जोडलेल्या प्रत्येक यंत्राला जो आकडी पत्ता देतो, तो कधीही बदलू शकतो, नॅसला कायमचा पत्ता द्यावा, असं कुठंतरी वाचलं आणि रविवार गेला.

सबनेट मास्क नावाच्या रकान्यात २५५.२५५.२५५.०. का, ते विचारायचं नसतं. सत्यनारायणाला गुरुजी 'पळीभर पाणी सोडा' म्हणतात, तसं सोडायचं. पत्ता टाकला १९२.१६८.१.२०, ऐटीत 'सेव्ह' दाबलं आणि नॅस गायब! आमचा राउटर १९२.१६८.०.१ वर बसतो. एका आकड्यापायी मी नॅस भलत्याच आळीत नेऊन ठेवला होता. बरं, पत्ता दुरुस्त करायचं पान नॅसच्याच पोटात. लॅच लागून किल्ली आत टीपॉयवर राहावी, तसं. (लॅपटॉपचा पत्ताही त्याच आळीतला केला असता तर भेट झाली असती, हे ऑफिसातल्या पोरानं सोमवारी सांगितलं.)

रिसेटचं भोक पाठीमागं, मुंगीच्या मापाचं. आईच्या बांगडीत कायम एक सेफ्टी पिन अडकवलेली असते, ती मागून घेतली आणि बीप होईस्तोवर दाबून धरली. मग शहाण्यासारखा ०.२० दिला. पिंगला, म्हणजे लॅपटॉपवरून मारलेल्या 'आहेस का?' या हाकेला, उत्तर आलं. चहा प्यायलो.

संध्याकाळी सातला आईनं टीव्ही लावला. दिवसभर तो बंद होता, पण राउटरनं .२० त्यालाच देऊन ठेवलेला. मालिकेतली सून दार उघडता उघडता गोठली, वर चकती फिरायला लागली.

"काय केलंस?" आई म्हणाली. 'काय झालं' नाही, 'काय केलंस'.

शेवटी राउटरला ताकीद दिली की तू १९९ पर्यंतचेच पत्ते वाटायचे, आणि नॅसला २०० वर बसवलं. विसरायला नको म्हणून १९२.१६८.०.२०० अशी चिठ्ठी लिहून त्याच्या डोक्यावर चिकटवली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो, तर आई चष्मा लावून चिठ्ठीपाशी उभी.

"कुणाचा नंबर आहे रे हा? दोनदा लावला. लागतच नाही."