बडोद्यात गेम बनवणाऱ्यांसाठी एक खोली हवी

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत झाला आणि बडोद्यातल्या आमच्या घरच्या ग्रुपवर दुसरा विषयच उरला नाही. काकांचं म्हणणं, हे फार आधी व्हायला हवं होतं. चुलतभावाचं म्हणणं, जाणत्या माणसाने आपल्या कमाईचं काय करावं यात सरकारने पडू नये. मला स्वतःला कायदा योग्य वाटतो. ॲपच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, ही मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. ई-स्पोर्ट्‌स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या गेम, आणि नुसत्या करमणुकीच्या गेम यांना त्याच कायद्याने जुगारापासून वेगळं काढलं आहे.

ग्रुपवर मात्र हा फरक टिकला नाही. बघता बघता वाद ‘मोबाइलने पोरं वाया गेली’ इथे येऊन थांबला. गुजरातमध्ये हे आपण आधीही पाहिलं आहे. मार्च २०१९ मध्ये राजकोटला पबजी खेळल्याबद्दल पोलिसांनी कॉलेजच्या मुलांना अटक केली होती. पुढे २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर देशभर बंदी आली, तिचं कारण वेगळं, चीनशी जोडलेल्या ॲपचं. घरोघरी मात्र ‘बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला’ एवढंच म्हटलं गेलं. दर वेळी प्रश्न एकच, खेळू द्यायचं की नाही. गेम कोण बनवतं, कुठे शिकतं, आपल्या घरातली मुलगी ते करू शकेल का, हे कोणी विचारत नाही.

मी हेलसिंकीत राहते, नोकरी सॉफ्टवेअरची आणि संध्याकाळी छंद गेम बनवण्याचा. म्हणून आधीच सांगते, फिनलंडमध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. इथे सुपरमार्केटात भाजी-दुधाच्या पिशव्या घेऊन बाहेर पडताना दाराशी जुगाराची यंत्रं दिसतात, तीही सरकारी कंपनीची. मला ते अजिबात पटत नाही. या बाबतीत आपला कायदा जास्त ठाम आहे. आणि शाळेत फोन चालतो असंही कोणी समजू नये: १ ऑगस्ट २०२५ पासून इथेही तास चालू असताना फोन वापरण्यावर कायद्याने निर्बंध आले आहेत.

पण याच शहरात रेल्वे स्टेशनजवळ ओडी नावाचं सार्वजनिक वाचनालय आहे, डिसेंबर २०१८ मध्ये उघडलेलं. पुस्तकं सगळ्यात वरच्या मजल्यावर. मधल्या मजल्यावर शिवणयंत्रं, थ्रीडी प्रिंटर, मोठी पोस्टरं छापायची यंत्रं, गाणं ध्वनिमुद्रित करायच्या खोल्या, व्हिडिओ संपादनाचे संगणक आणि गेमच्या खोल्या. आधी वेळ राखून ठेवायची. जागा फुकट, सामानाचे पैसे तेवढे द्यायचे. एका बाजूला आजीबाई पडद्याला दुमड घालत असतात आणि शेजारच्या टेबलावर शाळकरी पोरगा आपल्या गेममधल्या राक्षसाचं शिंग प्रिंटरमधून निघायची वाट पाहत असतो. त्याला तिथे कोणी ‘याचा उपयोग काय’ असं विचारत नाही.

याची मुळं जुनी आहेत. हेलसिंकी परिसरात १९९२ पासून असेंब्ली नावाचा मेळा भरतो. पोरं आपापले संगणक घेऊन येतात आणि ‘डेमो’ दाखवतात, म्हणजे हलती चित्रं आणि संगीत जागच्या जागी तयार करणारा प्रोग्रॅम. त्यातल्या एका स्पर्धेत अख्खा प्रोग्रॅम ६४ किलोबाइटमध्ये बसवावा लागतो. सकाळी ग्रुपवर येणारं सुप्रभातचं चित्रसुद्धा बहुधा याहून मोठं असतं. तेवढ्यात काही मिनिटांचा देखावा उभा राहतो, कारण चित्र साठवलेलंच नसतं. डोंगर, पाणी, उजेड ही सगळी सूत्रं असतात आणि संगणक ती त्या क्षणी सोडवत जातो. या मेळ्यातल्या फ्यूचर क्रू नावाच्या टोळक्यातल्या पोरांनी १९९५ मध्ये रेमेडी ही गेम कंपनी काढली. आज तिचं नाव जगभर आहे. फिनलंडने २०२० मध्ये डेमोच्या या कलेला आपल्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. पोरांच्या रात्रीच्या उद्योगाला असा मान देणं मला फार मोठेपणाचं वाटतं.

यावर घरून येणारं उत्तर मला पाठ आहे: ‘तुमच्याकडे माणसं कमी, पैसा जास्त.’ ते चुकीचं नाही. पण हे बडोद्याने म्हणावं याचं मला दुःख होतं, कारण ही कल्पना आपल्याला परकी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून संस्थानभर फुकट वाचनालयांचं जाळं विणलं. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरत होत्या. मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी अजून उभं आहे. त्याहीआधी, १८९० मध्ये, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने कलाभवन निघालं. तिथे चित्रकला आणि यंत्रकाम, रंगाई आणि सुतारकाम एका छपराखाली शिकवत. दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी. त्यांची छायाचित्रणाची ओढ पाहून गज्जरांनी त्यांना तिथला स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. फाळक्यांचा चित्रपट आला १९१३ मध्ये. मधल्या वीस-बावीस वर्षांत त्यांनी किती धंदे केले, किती ठेचा खाल्ल्या. पण हुशार पोराच्या हातात यंत्र देणारी जागा आपल्या गावात होती, हे खरं.

आज त्या कलाभवनाची एम. एस. विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा झाली आहे, आणि १९५० मध्ये सुरू झालेली फाइन आर्ट्‌स फॅकल्टी देशात नावाजलेली आहे. दोन्ही एकाच गावात, एकाच विद्यापीठात. गेमला नेमकी ही दोन्ही माणसं लागतात: एक चित्र काढणारं, एक कोड लिहिणारं. शाळकरी मुलांनी ती एका टेबलाशी पाहावीत अशी खोली गावात हवी. आपल्या देशात हे जमत नाही असंही नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्‌स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला, त्यात आपल्याच पुराणकथा आहेत, आणि तो जगभर खेळला गेला.

पैशाचा मुद्दा राहिला. साधनं आता फुकट आहेत, आणि चोरून घेतलेली नव्हेत. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं आणि ॲनिमेशन करायचं सॉफ्टवेअर २००२ मध्ये लोकांनी वर्गणी काढून सगळ्यांसाठी मुक्त केलं: सात आठवड्यांत १ लाख युरो जमले. लाटव्हियातल्या एका दिग्दर्शकाने त्यातच केलेल्या चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. ‘कंपन्यांत जे चालतं तेच शिकवा’ हा क्लासवाल्यांचा आग्रह मला मान्य नाही. युनिटी या गेम इंजिनच्या, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या, कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये अचानक प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेण्याचं जाहीर केलं, लोक चिडले, वर्षभराने ते मागे घेतलं. पण मधल्या काळात कितीतरी छोट्या लोकांची झोप उडाली. शिकणाऱ्या मुलाच्या हातात कोणी काढून घेऊ शकणार नाही असंच साधन द्यावं. गोडो हे गेम इंजिन तसं आहे.

त्यात आपल्या लिपीची गोष्टही आहे. माझ्या गेमचं नाव ‘दिंडी दरवाजा’, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांवरून सुचलेलं. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत ते नाव लिहिलं की ‘द’च्या आधी यायची वेलांटी त्याच्या नंतर येऊन पडायची. ‘पुन्हा’मधला अर्धा ‘न’ पाय मोडून वेगळा उभा राहायचा. कारण ते इंजिन अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवायचं, जोडाक्षर त्याला कळतच नसे. मार्च २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आली, तिने हार्फबझ हा अक्षरं जुळवणारा तयार प्रोग्रॅम आत घेतला आणि वेलांट्या जागेवर बसल्या. आता मजकुराची भाषा मराठी निवडली आणि फाँटमध्ये सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’सुद्धा आपल्या वळणाचे येतात. म्हणजे रावपुऱ्यातल्या आठवीच्या मुलीला आपल्या आजीला वाचता येईल असा गेम बनवता येतो. तिच्या दहावीचं काय, असं तिची आई विचारणारच, आणि त्या आईची काळजी मला कळते. शनिवारची दुपार मिळाली तरी पुष्कळ आहे.

सेंट्रल लायब्ररीतली एक खोली, सहा-सात जुने पण धड चालणारे संगणक, चित्र काढायचा एक पेन टॅबलेट, एक बरा माइक, आणि तंत्रज्ञान व फाइन आर्ट्‌सच्या विद्यार्थ्यांपैकी आळीपाळीने कोणीतरी बसणारं. मी सुरुवातीचे धडे मराठीत लिहायला घेतले आहेत: इंजिन कसं उतरवायचं, देवनागरी फाँट कसा जोडायचा, पहिलं पात्र कसं चालवायचं. गुजरातीत करून देणारं कोणी पुढे आलं तर दोन्ही एकदमच देता येतील. पुढच्या हिवाळ्यात बडोद्याला येईन तेव्हा ग्रंथपालांना भेटायला जाणार आहे, आणि तिथे राहणाऱ्यांपैकी कोणी त्याआधीच जाऊन विचारलं तर फारच उत्तम.