"सीगल तर पैशाला पासरी आहेत, धोक्यात कसले?" म्हणणाऱ्यांसाठी

एक पोस्ट सध्या जिकडेतिकडे शेअर होतेय. वर ब्रिटनच्या किनाऱ्यावर कुणाच्या तरी हातातले चिप्स पळवणाऱ्या सीगलचा फोटो आणि खाली मजकूर, की बघा हे म्हणे संकटात आहेत, किटिवेक नावाच्या सीगलसाठी मासेमारी बंद केली, जगात दीड कोटी आहेत, आता तर शहरात येऊन पुलांवर मजेत राहतायत, आणि मरत असलेच तर समुद्रातल्या पवनचक्क्यांमुळे मरतायत, कोळ्यांना कशाला छळता. खरं-खोटं असं मिसळून दिलंय की वाचणाऱ्याला सगळंच पटतं, म्हणून एकेक सोडवून बघू.

फोटो आधी. तो किटिवेक नाहीच. गुलाबी पाय, पिवळ्या चोचीवर लाल ठिपका, म्हणजे हेरिंग गल, सीगलचीच दुसरी जात. किटिवेकचे पाय काळे, चोच साधी पिवळी, आणि तो चिप्सच्या वाटेला जात नाही, विणीचा हंगाम संपला की सरळ खुल्या अटलांटिकमध्ये निघून जातो. गंमत म्हणजे तो चिप्सचोर हेरिंग गलसुद्धा २००९ पासून ब्रिटनच्या रेड लिस्टवर, म्हणजे सर्वाधिक चिंताजनक पक्ष्यांच्या यादीत आहे, त्यामुळे फोटो चुकीचा लावूनही मुद्दा काही सिद्ध होत नाही.

"दीड कोटी आहेत की." हो, साधारण तेवढे आहेत, आकडा बरोबर आहे. पण आययूसीएनने (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) २०१७ मध्ये किटिवेकला धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत टाकलं ते एकूण संख्येवरून नाही, घसरणीच्या वेगावरून, १९७० च्या दशकापासून जगभरात जवळपास ४० टक्के घट. आणि या पक्ष्याच्या बाबतीत एकूण संख्या फसवी असते, हे फारसं कुणी सांगत नाही. किटिवेक दहा-बारा वर्षं आरामात जगतो, काही तर वीसच्या पुढे जातात, पहिल्यांदा घरटं करतो ते साधारण चौथ्या वर्षी, आणि अंडी सहसा दोनच. म्हणजे एखाद्या वसाहतीत लागोपाठ चार-पाच हंगाम पिल्लं उपाशी मेली तरी म्हातारी मंडळी दरवर्षी येऊन त्याच कपारीवर बसतात, कडा भरलेला दिसतो, फोटो छान येतात, आणि मग काही वर्षांनी एकदम पोकळी जाणवते कारण मागून येणारी पिढी तयारच झालेली नसते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर हेच झालं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जेवढ्या जोड्या होत्या त्यातल्या दहातल्या जवळपास नऊ गेल्या.

आता सगळ्यात लाडका मुद्दा, "कमी झाले नाहीत, शहरात शिफ्ट झाले". न्यूकॅसल आणि गेट्सहेडच्या मधून टाईन नदी जाते, तिथल्या टाईन ब्रिजवर आणि आसपासच्या इमारतींवर किटिवेक घरटी करतात, ही समुद्रापासून सर्वात आत असलेली किटिवेक वसाहत मानली जाते. पूर्वी ते तिथल्या बाल्टिक पीठगिरणीच्या भिंतीवरही असायचे, गिरणीचं आर्ट सेंटर करायचं ठरलं तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा टॉवर उभारला. हे सगळं खरं आणि बघण्यासारखं आहे. पण हिशोब करा ना! टाईन नदीवर सगळ्या मिळून जोड्या आहेत दोन-अडीच हजारांच्या घरात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २००० च्या आसपासच्या मोजणीपासून २०१५ ते २०२१ च्या मोजणीपर्यंत घट झाली ४० टक्क्यांहून जास्त, म्हणजे लाखाहून जास्त जोड्या. एवढे पक्षी कुठल्या पुलाखाली बसवणार?

शिवाय पुलावर राहिला म्हणून तो शहरात जेवत नाही. टाईनवरचा पक्षीसुद्धा मासे आणायला नदीवरून उडत समुद्रावरच जातो, यॉर्कशरच्या बेम्प्टनच्या कड्यावरचा पक्षी जिथून खातो त्याच नॉर्थ सीमधून. पुलाची कड त्याला आवडते कारण ती अरुंद आहे आणि कोल्हा-उंदीर तिथे पोचत नाही, कड्यावरही तो असलीच जागा शोधतो आणि चिखल-गवताचं घरटं थापतो. जागेची टंचाई कधी नव्हतीच, अडचण ताटातली आहे.

म्हणून "मासेमारी कशाला बंद केली" याचं उत्तर. बंद केली ती सँडईलची, बोटाएवढ्या बारीक चंदेरी माशाची, जो कुणाच्या जेवणात नसतो, त्याची फिशमील (माशांची भुकटी) आणि तेल होऊन पाळलेल्या सॅल्मन माशांच्या वगैरे खाद्यात जातं. किटिवेकला खोल बुडी मारता येत नाही, फार तर वरच्या मीटरभर पाण्यातलं उचलतो. सँडईल खाली गेले किंवा उशिरा वर आले तर गिलेमॉटसारखा बुडी मारणारा समुद्रपक्षी खोल जाऊन पकडेल, किटिवेक पिल्लांकडे रिकामा परत येईल. स्कॉटलंडच्या पूर्वेला मे बेटासमोर १९९० च्या दशकात सँडईलची मोठी मासेमारी चालायची, त्या वर्षांत तिथली पिल्लं कमी जगली आणि मोठे पक्षीही जास्त मेले, २००० मध्ये तो भाग बंद केला. बंदी म्हणजे रामबाण नाही हेही खरं, कारण समुद्र तापतोय आणि सँडईल ज्या सूक्ष्म प्लवकांवर जगतात तेच कमी होतायत. तापमान एका कायद्याने खाली येणार नाही, मासेमारी मात्र थांबवता येते, म्हणून जे हातात होतं ते केलं. २०२४ च्या मार्चपासून स्कॉटलंडच्या सगळ्या पाण्यात आणि नॉर्थ सीच्या इंग्लंडच्या हद्दीत बंदी आहे. छळ म्हणाल तर ब्रिटनच्या बोटींना २०२१ पासूनच सँडईलचा कोटा नव्हता, फटका बसला मुख्यतः डेन्मार्कच्या बोटींना. युरोपियन युनियन लवादात गेली, २०२५ मध्ये इंग्लंडवर प्रक्रियेबद्दल ताशेरे आले, स्कॉटलंडचा निर्णय टिकला, आणि बंदी उठवायला कुणालाच सांगितलं नाही. हे पोस्टमध्ये गाळलंय, साहजिकच.

राहिल्या पवनचक्क्या. पात्यांवर आपटून पक्षी मरतात, यात वाद नाही, म्हणूनच तर कंपन्यांना भरपाई म्हणून कृत्रिम कपारींचे टॉवर बांधावे लागतात, २०२३ मध्ये सफोकच्या किनाऱ्याजवळ समुद्रात असे टॉवर उभे राहिलेत (तिथेही जागा मिळतेय, मासे नाहीत, हा भाग वेगळा). पण ब्रिटनच्या समुद्रातल्या पहिल्या दोन पवनचक्क्या लागल्या ब्लाइथजवळ, वर्ष २०००. शेटलंडच्या आसपास सँडईल कोसळले आणि पिल्लं उपाशी मरायला लागली ती १९८० च्या दशकात.