मूत्रमार्गातील गाठ आणि तुकड्याची तपासणी (बायोप्सी) : निपाणीच्या वाचकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

मूत्राशयातील किंवा मूत्रपिंडातील प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, या माझ्या लेखावर आपला आक्षेप असा की, तंबाखू आणि विडीच्या आपल्या भागात असे लिहिणे म्हणजे लोकांना तपासणी लांबवायला निमित्त देणे होय. आपली काळजी रास्त आहे. मूत्राशयाच्या कॅन्सरमागे धूम्रपान हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि न दुखता लघवीतून रक्त गेले, मग ते एकदाच का असेना, तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरता असलेला कॅन्सर तर कधी कधी केवळ जळजळीच्या रूपात येतो आणि उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याच्या पाण्यावर महिने जातात.

तरीही मूळ विधान मी मागे घेणार नाही, कारण त्याचा रोख तपासणी टाळण्याकडे नसून ती पुरी करण्याकडे आहे. मोठा मुतखडा अडकून जंतुसंसर्ग वर्षानुवर्षे मुरला की काही रुग्णांच्या मूत्रपिंडात पिवळट गाठी तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत चरबीने फुगलेल्या, फेसाळ पेशी दाटलेल्या दिसतात. झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस नावाचा हा दाह शेजारच्या स्नायूंत पसरतो, वजन घटवतो आणि सीटी स्कॅनवर हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो. त्यातही बहुधा मूत्रपिंड काढावेच लागते, परंतु पुढे कॅन्सरची धास्ती उरत नाही.

मूत्रमार्गाच्या क्षयाचे (टीबीचे) तसे नाही. लघवीत पू दिसतो, नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, मात्र काहीच उगवत नाही, आणि मूत्राशयातील व्रण किंवा वाढ पाहून कॅन्सरची शंका येते. अशा वेळी पहाटेच्या लघवीचे नमुने क्षयासाठी तपासले आणि निदान वेळेत झाले, तर सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या औषधांनी अवयव वाचू शकतो.

तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असेही आपण लिहिले आहे. ही भीती धरू नका. मूत्राशयातील वाढ दुर्बिणीतून खरवडून काढणे हे निदानही असते आणि उपचाराची पहिली पायरीही. मूत्रपिंडात सुईच्या मार्गाने पेशी पसरणे अतिशय दुर्मीळ आहे.

आपल्या नातेवाइकांच्या सीटी अहवालात केवळ ‘संशयास्पद’ असे लिहिले असेल, तर बेळगाव, मिरज किंवा कोल्हापूर, जिथे सोय असेल तिथे याच आठवड्यात मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. तुकडा आधीच काढला असेल, तर प्रयोगशाळेतून त्याच्या काचपट्ट्या आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा मागून घ्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत त्यावरूनच घेता येते.