‘पोक्सोच्या आरोपीला वकील नाही’ या मेसेजबद्दल खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘वकील संघटनेने ठराव केला, की पोक्सोच्या आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. आता केस झटपट निकाली.’

पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. संताप समजतो, पण मेसेज चूक आहे. असा ठराव झाला तरी तो रद्दबातल असतो. तमिळनाडूतल्या कोइमतूरच्या वकील संघटनेच्या अशाच ठरावाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे 2010 मध्येच सांगितलंय. (तिथे आरोपी होते चक्क पोलीस!) कोठडीतल्या आरोपीला, उत्पन्न कितीही असो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने सरकारी खर्चाने वकील मिळतो.

आणि झटपट कसली? वकिलाविना झालेली शिक्षा अपिलात टिकणं अवघड. खटला परत चालवायचा हुकूम झाला, तर त्याच पीडित मुलीला पुन्हा साक्षीला उभं राहावं लागतं.

आरोपीचा वकील मुलीला थेट, वाट्टेल ते विचारतो, हेही खरं नाही. पोक्सोत त्याचा प्रश्न आधी न्यायाधीशांकडे जातो. तो मुलीला न्यायाधीशच विचारतात. साक्ष कन्नडमध्ये असेल आणि आरोपीला फक्त मराठी कळत असेल, तर कोर्टाने ती त्याला समजावून द्यायची असते.

मुलीच्या घरच्यांनाही स्वतःचा वकील देता येतो, तोही मोफत. मोफत कायदेशीर मदतीचा सरकारी फोन 15100.