इंडोनेशियाच्या नावानं पसरलेली थाप

धाकट्या भावाचा रात्री साडेदहाला फोन. "ताई, तुला एक पाठवलंय. आधी वाच, मग बोल." एवढं म्हणून त्यानं ठेवूनही दिला. उघडून बघते तर 'इंडोनेशियाने केलेली चूक महाराष्ट्र करणार का?' असा मथळा, खाली सात मुद्दे आणि प्रत्येकापुढं लाल बोट. तोवर तो आमच्या घरच्या ग्रुपवर, वहिनीच्या माहेरच्या ग्रुपवर आणि माझ्याच शाळेतल्या दोन बाईंच्या स्टेटसवरही जाऊन आला होता.

भाची चौथीत आहे, मराठी शाळेत. तिला तिथून काढून इंग्रजी माध्यमात घालायचं घाटतंय, आणि त्याला आधार काय, तर हा फॉरवर्ड. घालायचं तर घाला, पोर तुमची आहे. पण मी बावीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवते, त्यामुळे माझ्याच विषयातली थाप माझ्याच घरात वाजत असताना मला गप्प बसवत नाही.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. इंडोनेशियानं सगळं शिक्षण मातृभाषेत नेलं. म्हणून इंग्रजीच्या जागतिक यादीत तो 80 वा आणि आपण 69 वे. लिपी रोमन असूनही तिथल्या पोरांना इंग्रजी येत नाही, कारण आठव्या वर्षी मेंदूतली 'इंग्रजीची खिडकी' बंद होते. मुलांना इंग्रजीत रस उरलेला नाही. मध्ये इंग्रजीतून शिकवणाऱ्या उत्तम सरकारी शाळा निघाल्या होत्या, त्या राजकारण्यांनी कोर्टाकरवी बंद पाडल्या. आता डोळे उघडलेत आणि 2027 पासून इंग्रजी सक्तीची होतेय. आणि या सगळ्यापायी देश गरीब राहिला.

पहिलाच मुद्दा तोंडावर पडतो. इंडोनेशियातली शाळा बहुतेक मुलांच्या मातृभाषेत चालतच नाही. तिथं सातशेच्या वर भाषा आहेत. योग्याकार्ताच्या घरात जावी बोलतात, बांडुंगकडे सुंदी. शाळेची भाषा मात्र 'बहासा इंडोनेशिया'. ती मलय भाषेतून घडवलेली. 1928 साली तरुणांनी शपथ घेऊन ती एकीची भाषा म्हणून स्वीकारली, पुढं 1945 च्या घटनेनं तिला राजभाषा केलं. 2010 च्या जनगणनेत घरी हीच भाषा बोलणारे साधारण एक पंचमांश निघाले. म्हणजे जावाच्या पोराला घरची भाषा एक, वर्गातली दुसरी आणि इंग्रजी तिसरी. गडचिरोलीतलं गोंडी बोलणारं मूल मराठी शाळेत बसतं तेव्हा त्याची जी गत होते, तीच ही. याला मातृभाषेतून शिक्षण म्हणणाऱ्याला मातृभाषा कशाला म्हणतात हेच कळलेलं नाही.

आता ती यादी. 80 आणि 69 हे आकडे खरे आहेत, 2024 चे, एकूण 116 देश. पण यादी कुणाची? 'ईएफ' नावाच्या कंपनीची, जिचा धंदाच इंग्रजीचे क्लास विकण्याचा. परीक्षा ऑनलाइन, ज्याला वाटेल त्यानं द्यायची. ज्याच्याकडे नेट आहे आणि ज्याला आपली इंग्रजी तपासून बघायची हौस आहे, तोच तिथं जाणार. त्यावरून अख्ख्या देशाची भाषा मोजणं म्हणजे जिममध्ये आलेल्यांची वजनं घेऊन गावाची प्रकृती सांगणं. तरी वादापुरती धरून चालू. त्याच यादीत पहिला कोण? नेदरलँड्स. पुढं नॉर्वे, सिंगापूर, स्वीडन. पहिल्या दहात डेन्मार्क, पोर्तुगाल, ग्रीस, ऑस्ट्रिया, जर्मनी. यातलं एकटं सिंगापूर सोडलं तर बाकी सगळीकडे मुलं आपापल्या भाषेतूनच शाळा शिकतात. डच पोरगं गणित डचमधून करतं आणि इंग्रजीत जगात पहिलं येतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं यादी खालून वाचली, वर नजर टाकायची तसदी घेतली नाही. शिवाय आपण 69 वे म्हणजे काही तीर मारलेला नाही. त्या यादीच्या 'कमी' गटात आपण आणि इंडोनेशिया शेजारी शेजारीच बसलोय.

रोमन लिपीचा मुद्दा वाचून मात्र मला हसू आवरेना. लिपी ओळखीची म्हणजे भाषा सोपी? इंडोनेशियन लिहिताना 'सी' या अक्षराचा उच्चार कायम 'च'. त्यामुळे मांजराचं स्पेलिंग त्या पोरापुढं ठेवलं की ते 'चात' वाचतं, आणि त्याच्या भाषेत त्याचा अर्थ होतो रंग, भिंतीला देतात तो. हवेचं स्पेलिंग ठेवलं तर 'आइर' वाचतं, म्हणजे पाणी! मांजराचा रंग झाला आणि हवेचं पाणी. त्यांची भाषा जसं लिहिलं तसं वाचते, इंग्रजी तसं करत नाही, त्यामुळे ओळखीची अक्षरंच पायात येतात. व्याकरणाचंही तेच. त्यांच्या क्रियापदाला काळ लागत नाही. काल गेलो, उद्या जाईन, दोन्हीकडे 'पर्गी'च, फक्त काल-उद्याचा शब्द बदलायचा. 'तो' आणि 'ती' दोघांना एकच 'दिया'. एकाची पुष्कळ करायची तर शब्द दोनदा म्हणायचा, 'बुकू-बुकू' म्हणजे पुस्तकं. असं मूल इंग्रजीत भूतकाळ विसरतं, बाईला पुरुष करतं, तेव्हा त्याच्या मेंदूची खिडकी बंद झालेली नसते. ते आपल्या घरच्या व्याकरणानं चाललेलं असतं. माझ्या वर्गातली मुलं मराठीच्या वळणानं वेगळ्या चुका करतात, कारण तेच.

आणि आठव्या वर्षाची ती खिडकी. लहान वयाचा फायदा होतो, पण भाषा दिवसभर कानावर पडत असेल तिथं. आठवड्याला तीन-चार तास इंग्रजी असलेल्या शाळांचा मोठा अभ्यास बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटानं केला. तास सारखेच धरले तर उशिरा सुरुवात केलेली मुलंच पुढं निघाली. एवढं पुरे.

मुलांना रस नाही म्हणे. लीड्स विद्यापीठाच्या मार्टिन लॅम्ब यांनी सुमात्रातल्या एका शहरातल्या सातवी-आठवीच्या मुलांवर काही वर्षं काम केलं. मुलांची इंग्रजीची ओढ जबर होती, आणि वीसेक महिन्यांनी परत जाऊन बघितलं तरी टिकून होती. उतरला होता तो वर्गातल्या इंग्रजीबद्दलचा उत्साह. पोरं गाणी, गेम, खासगी क्लास यांतून शिकत होती. पुढं त्यांनी खेड्यातली मुलंही बघितली. तिथं चित्र फिकं होतं, कारण क्लास नाही, गेम नाही, आसपास इंग्रजी बोलणारं कुणी नाही. म्हणजे रस होता, पुरवठा नव्हता.

आता ज्या मुद्द्यावर भाऊ सगळ्यात जास्त भाळला तो. इंग्रजीतून शिकवणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय दर्जाच्या' सरकारी शाळा. हे प्रकरण खरं आहे, फक्त फॉरवर्डनं ते उलटं करून सांगितलंय. 2003 च्या शिक्षण कायद्यातल्या कलम 50 च्या तिसऱ्या पोटकलमानं प्रत्येक प्रदेशात अशा शाळा उभ्या करायला सांगितलं. मग आहेत त्याच सरकारी शाळा निवडून त्यांना 'रिंतिसान', म्हणजे आंतरराष्ट्रीय होण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या शाळा, असं नाव दिलं. बघता बघता त्या तेराशेच्या घरात गेल्या. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. आपल्या सेमी-इंग्रजीचा थोरला भाऊच म्हणा. सरकारचा जादा निधी, वर पालकांकडून फी.

शिकवणार कोण? तेच शिक्षक, जे काल बहासातून भौतिकशास्त्र शिकवत होते. सरकारनंच या शाळांतल्या शिक्षक-मुख्याध्यापकांची इंग्रजीची परीक्षा घेतली, तर निम्म्याहून अधिक जण सगळ्यात खालच्या पायरीवर निघाले. डोळ्यांपुढं आणा तो वर्ग. सरांना गुरुत्वाकर्षण येतं पण ते इंग्रजीत सांगता येत नाही. मुलांना इंग्रजी कळत नाही, म्हणून गुरुत्वाकर्षणही कळत नाही. मग सर स्लाइडवरचं वाक्य वाचतात आणि मुलं ते उतरवून घेतात. इंग्रजी आली नाहीच, विज्ञानही गेलं. मी हे सुमात्रात जाऊन बघितलेलं नाही, पण आमच्या तालुक्यात रोज बघते.

लोकांनी या शाळांची टिंगलही केली. 'दर्जा' साठी त्यांचा शब्द 'ताराफ' आणि 'दर' साठी 'तारिफ'. मग 'आंतरराष्ट्रीय ताराफच्या' शाळांना लोक 'आंतरराष्ट्रीय तारिफच्या' म्हणायला लागले. शेवटी पालक आणि कार्यकर्तेच घटना न्यायालयात गेले, राजकारणी नव्हेत. 8 जानेवारी 2013 ला न्यायालयानं ते पोटकलमच रद्द केलं. सरकारी पैशानं दोन प्रतीच्या शाळा करता येणार नाहीत, चांगलं शिक्षण फीवाल्यांपुरतं ठेवता येणार नाही आणि राष्ट्रभाषेला बाजूला सारता येणार नाही, असा त्याचा रोख. फॉरवर्डवाल्यानं या सगळ्याचं 'मुलं चमकली आणि पुढाऱ्यांनी विझवली' करून टाकलं. भाचीला अशाच एका शाळेत ढकलायला हीच गोष्ट कारण म्हणून वापरायची, म्हणजे कहर आहे.

एक गोष्ट मान्य करते, नाइलाजानं. इंडोनेशियाच्या शाळांतली इंग्रजी खरंच कच्ची आहे, आणि 2013 च्या अभ्यासक्रमानं ती आणखी मागं ढकलली. प्राथमिकमध्ये ती सक्तीची कधीच नव्हती, पण ऐच्छिक स्थानिक विषय म्हणून होती तीही निघाली, आणि अकरावी-बारावीलाही आठवड्याला जेमतेम दोन तास उरले. तिसरीपासून सक्ती 2027-28 पासून येतेय हेही खरं, 2024 च्या मंत्रालयाच्या आदेशात ते आहे. पण ती सक्ती विषय म्हणून आहे, माध्यम म्हणून नाही. शाळा बहासातूनच चालणार. आपण मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय 2000 सालीच आणलाय. भाची सध्या ज्या शाळेत आहे तिथं तो चालूच आहे. म्हणजे फॉरवर्ड ज्याला इंडोनेशियाला झालेला साक्षात्कार म्हणतो, तो तिच्या दप्तरात चार वर्षं पडून आहे.

आणि मुळात तिथल्या मुलांचं वाचनच कच्चं आहे, त्यांच्या शाळेच्या भाषेतलं. 2022 च्या पिसा चाचणीत, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, वाचनात 359 गुण, 2018 मध्ये 371 होते. ती चाचणी इंग्रजीत नसते. जे मूल बहासातला परिच्छेद वाचून अर्थ लावू शकत नाही, त्याला माध्यम बदलून काय मिळणार?

गरिबीबद्दल एकच ओळ. इंडोनेशियाचं दरडोई उत्पन्न आपल्या जवळपास दुप्पट आहे.

हे सगळं मी भावाला रविवारी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बरं, इंडोनेशिया सोड. शाळा चांगली आहे की नाही ते कसं ओळखायचं?" मी म्हटलं, पाचवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना भेट आणि पाणी उकळतं तेव्हा काय होतं ते इंग्रजीतून समजावून सांगा म्हण. पाठ्यपुस्तक मिटून. "आणि मला त्यांचं इंग्रजी कळलं नाही तर?" मग भाचीला घेऊन जा, तिला विचार कळलं का. तो थोडा वेळ गप्प होता. फॉर्म भरायची मुदत शुक्रवारी संपतेय म्हणाला.